बांधणीला देण्याआधी

तुझ्या आजोबांची ट्रंक तू मुरुडहून लातूरला नेलीस, ते उत्तम केलंस. आता विचारतेस, मामा, पुस्तकं पार मोडकळीला आलीत, सगळी एकदमच बांधणीला देऊन टाकू का? लेकी, तेवढं करू नकोस. बांधणीवाला आपलं काम चोख करतो. पुस्तक टिकावं म्हणून तो तिन्ही कडा कापतो, सुटलेलं मुखपृष्ठ बाजूला टाकतो आणि वर खाकी नाहीतर काळा पुठ्ठा चढवतो. मजकूर राहतो, चित्र जातं. गावोगावच्या वाचनालयांतली रहस्यकथांची मुखपृष्ठं अशीच गेली. एकेक कादंबरी किती हातांतून फिरायची! सगळ्यात आधी वरचं पान सुटायचं, आणि एकदा पुठ्ठा चढला की त्या पानाची आठवणही कुणाला राहायची नाही. म्हणून आतला मजकूर शाबूत असलेल्या प्रती आजही सापडतात, मुखपृष्ठासकट असलेल्या फार थोड्या. तुझ्या ट्रंकेत त्या आहेत. पुढचं सगळं सांगतो ते त्यासाठी.

आधी आपल्या हातात काय आहे ते ओळख. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड ही त्यांचीच माणसं. या पुस्तकांवरची कितीतरी चित्रं रघुवीर मुळगावकरांनी काढली. मुळगावकर मूळचे गोव्याचे, १९७६ साली गेले. तेच मुळगावकर कॅलेंडरांवर देवदेवता काढायचे. मोठमोठ्या डोळ्यांची, गालांवर गुलाबी झाक असलेली ती लक्ष्मी तू जुन्या घरांच्या भिंतींवर पाहिली असशील. म्हणजे एकाच घरात भिंतीवर त्यांचा देव असायचा आणि ट्रंकेत, धोतरांखाली, त्यांचा पिस्तूलवाला झुंजार. आमच्या लहानपणी मुरुडात चित्रांचं प्रदर्शन आम्ही कधी पाहिलं नाही. रंगवलेला माणसाचा चेहरा आम्ही पाहिला तो कॅलेंडरावर, सिनेमाच्या पोस्टरावर आणि या पुस्तकांवर. पुस्तकं मुंबई-पुण्याहून निघायची आणि कुर्डुवाडीला बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत चढून आपल्याकडे यायची. त्या चित्रांना कुणी कमी लेखलं तर मला अजून राग येतो. ती घाईची, पोटासाठी केलेली कामं होती हे खरं आहे. पण ज्या माणसानं आयुष्यात एकदाही चित्रशाळेचं दार पाहिलं नाही, त्याच्यापर्यंत चित्रकला पोचवली ती यांनीच.

दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात दीनानाथ दलालांची चित्रं सापडतील. दलालही गोव्याचे, मडगावचे. जन्म १९१६ चा, गेले १९७१ ला. 'दीपावली' हा अंक त्यांनी १९४५ पासून काढला. दलाल आणि मुळगावकर यांच्यातला फरक डोळ्यांत बसवून घे, कारण स्वस्त पुस्तकांवर चित्रकाराचं नाव छापलेलं नसतंच पुष्कळदा. मुळगावकरांची कातडी गुळगुळीत असते. रंग एका छटेतून दुसरीत कधी गेला ते कळत नाही, कारण फवाऱ्यानं, म्हणजे स्प्रेनं, रंग देण्यात त्यांचा हातखंडा होता. दलालांकडे रेषा बोलते. कुंचल्याचा फटकारा दिसतो, पातळाचा काठ एका वळणात उतरतो आणि रंगांचे सपाट तुकडे शेजारी शेजारी बसतात. सही शोध, पण उजव्या खालच्या कोपऱ्यातच अडकून राहू नकोस. पातळाच्या निऱ्यांत, दाराच्या चौकटीला लागून, टेबलाच्या पायाशी अशी कुठंही ती लपलेली असते. कड कापताना सही अर्धी गेलेली असेल, तर उरलेलं अर्धंसुद्धा टिपून ठेव. आणि पहिल्या दोन-चार पानांतल्या बारीक टाइपात 'मुखपृष्ठ' असा शब्द आहे का ते पाहा.

काही पुस्तकं उर्दूत असतील. घाबरू नकोस, आणि वेगळी काढून कुणाला देऊनही टाकू नकोस. तुझ्या आजोबांच्या पिढीची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झाली, आणि इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' ही उर्दू रहस्यकथामाला अलाहाबादहून १९५२ पासून निघत होती. त्या पुस्तकांचा कणा उजवीकडे असतो. आपण ज्याला मागची बाजू समजतो तिथं त्यांचं मुखपृष्ठ असतं. फोटो काढताना हे ध्यानात ठेव, नाहीतर सगळी मलपृष्ठं टिपून मोकळी होशील.

आता साल ओळखायचं कसं? या पुस्तकांवर पुष्कळदा सालच नसतं. मग किंमत वाच. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक १९५७ च्या एप्रिलच्या आधीचं धर, कारण त्या महिन्यापासून रुपयाचे शंभर पैसे झाले. 'न. पै.' छापलं असेल तर ते नवे पैसे, १९५७ ते १९६४ या काळातले. नुसते 'पैसे' असतील तर त्यानंतरचं. मग प्रकाशकाचा पत्ता पाहा. 'मुंबई ४', 'पुणे २' असा एक-दोन आकडी विभाग असेल तर बहुधा १९७२ च्या आधीचं. सहा आकडी पिन कोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. 'बहुधा' म्हणतो, कारण काही छापखाने जुनाच पत्ता पुढंही कितीतरी वर्षं छापत राहिले. म्हणून एका खुणेवर साल ठरवू नकोस, दोन खुणा जुळल्या की लिही. आणि वाचनालयाचा शिक्का खोडू नकोस, लेकी. पुष्कळ जण शिक्का म्हणजे डाग समजून खोडरबर घेऊन बसतात. मुरुड-लातूरकडच्या वाचनालयाच्या शिक्क्यावर 'जि. उस्मानाबाद' असेल तर ते पुस्तक तिथं बहुधा १९८२ च्या आधीच दाखल झालं असणार, कारण लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ च्या ऑगस्टात. शिक्क्याजवळ दाखल क्रमांक असतो, कधी तारीखही असते. चित्र कोणत्या गावात, कोणत्या काळात पाहिलं गेलं याचा तो पुरावा आहे.

काही पुस्तकांना वर्तमानपत्राचं वेष्टण दिसेल. ती पुस्तकं सगळ्यात जपून उघड. घरात वडीलधाऱ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून पोरं रहस्यकथेला वर्तमानपत्र गुंडाळायची. वाचणारा लपवायचा, आणि त्या लपवण्यातच चित्राला ऊन लागायचं नाही. अशा वेष्टणाखाली लाल आणि पिवळा रंग अजून ताजा निघतो. पण वर्तमानपत्राचा कागद आंबट असतो, त्याचा पिवळेपणा खालच्या चित्रात उतरतो. तेव्हा वेष्टण काढायचं, पण फेकायचं नाही. वर तारीख असेल. कोणत्या पुस्तकावरचं ते पेन्सिलीनं कोपऱ्यात लिही आणि वेगळ्या पाकिटात ठेव. पुस्तक निदान त्या तारखेपर्यंत घरात होतं आणि कुणीतरी ते लपवून वाचत होतं, एवढं त्यावरून कळतं.

एक चांगलं भिंग घे. मुखपृष्ठ भिंगाखाली धरलंस की चित्र विरघळून ठिपके दिसायला लागतील. त्या काळी चित्र छापायचं म्हणजे ब्लॉक करायचा. चित्रकार मूळ चित्र मोठं काढायचा, ब्लॉकमेकर त्याचा फोटो घेऊन जस्ताच्या नाहीतर तांब्याच्या पत्र्यावर ठसा उठवायचा. रंग जितके, तितके ब्लॉक, आणि कागद तितक्या वेळा मशिनीतून जायचा. प्रत्येक रंगाला पैसा पडायचा. म्हणून स्वस्त पुस्तकांवर दोन नाहीतर तीनच रंग दिसतात. चतुर चित्रकार कागदाचा पांढरा भागही रंगासारखा वापरायचा. ब्लॉकच्या छपाईत ठिपक्याच्या कडेला शाई दाबून जमते, तिथं गडद कडा दिसते, आणि पानामागून बोट फिरवलं तर दाब हाताला कळतो. ऑफसेटमध्ये ठिपका सपाट आणि सारखा असतो, मागं काहीच लागत नाही. जुन्या कादंबरीची नवी आवृत्ती जुनी म्हणून कुणी विकायला आणली, तर ही पारख कामाला येते. काही प्रतींवर नायिकेच्या ओठांचा लाल रंग ओठांबाहेर सरकलेला दिसेल. त्यात चित्रकाराची चूक नाही, तिथं छापताना ब्लॉक हलला. अशी सरकलेली प्रतही ठेव. त्या दिवशी मशिनीवर काय झालं ते तिच्यात दिसतं.

चित्र बघायचंही एक शास्त्र आहे. पहिला प्रश्न विचार, उजेड कुठून येतोय? या चित्रांत उजेड बहुतेक खालून नाहीतर एका बाजूनं येतो. कंदील, बॅटरी, उघडलेलं दार. त्यामुळं अर्धा चेहरा अंधारात जातो आणि कथा न वाचताच भीती वाटायला लागते. दुसरं, आडवं-उभं काय आहे आणि तिरकं काय आहे ते बघ. पिस्तूल, पळणारा माणूस, जिना, सगळं तिरकं असेल. तिसरं, अक्षरं. शीर्षक टाइपात जुळवलेलं नसून हातानं काढलेलं असतं. शिरोरेघ कुठं तलवारीसारखी टोकदार केलेली, कुठं तिच्यातून रक्ताचे थेंब ओघळवलेले. अक्षरासाठी चित्रात जागा आधीच राखलेली असते. वरच्या तिसऱ्या भागात आकाश मोकळं सोडलंय का ते बघ, म्हणजे चित्रकारानं किती पुढचा विचार केला ते ध्यानात येईल. कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षरकारांनी पुढं नाटकांच्या जाहिरातींत आणि पुस्तकांवर अक्षरालाच चित्र केलं. ती वाट या हातानं काढलेल्या शीर्षकांनीच तयार केली, असं माझं मत आहे.

मुंबईच्या उकाड्यात नायकाच्या अंगात ओव्हरकोट आणि डोक्यावर हॅट का, असं तू विचारशील. हॉलिवूडच्या सिनेमांतून आणि अमेरिकेच्या स्वस्त पुस्तकांवरून ती वेशभूषा आली. तिकडं १९३९ साली 'पॉकेट बुक्स' निघाली आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत खिशात मावणाऱ्या कादंबरीवर रंगीत चित्र हा नियमच झाला. पण नीट पाहिलंस तर हॅट तिकडची आणि तिच्याशेजारची बाई इथली, नऊवारी नाहीतर पाचवारीतली, कपाळाला कुंकू लावलेली. खोलीत समई असते. दाराला कडी-कोयंडा असतो. हे मिश्रण मला फार आवडतं. नक्कल करणाऱ्या माणसाला समई सुचत नाही.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. या मुखपृष्ठांवर बाईला आमिष म्हणून उभं केलंय, पुष्कळ वेळा कथेत तिचं काही काम नसतानाही. त्यावर त्या काळीही वाद झाले. अमेरिकेत १९५२ साली तिथल्या संसदेनं अशा पुस्तकांच्या चौकशीसाठी समिती नेमली. आपल्याकडं चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली न्यायालयानं काकोडकरांना निर्दोष ठरवलं. तो खटला मजकुराचा होता, पण वातावरण कसं होतं ते त्यावरून समजून घे. तुला एखादं चित्र पटलं नाही तर तसं टिपणात लिही, पण चित्र गठ्ठ्यातून काढू नकोस. आपल्याला आवडलेलंच जपलं तर पुढच्यांना खोटा काळ दिसेल.

आता हाताचं काम. सेलोटेप घरातून बाहेर ठेव. काही वर्षांत ती तपकिरी होते, तिचा चिकटा कागदात मुरतो आणि तो डाग निघत नाही. पूर्वी कुणी लावलेली असेल तर ओढू नकोस, रंग सोबत येतो. तारेची टाचणी गंजली असेल तर आतल्या बाजूनं तिचे पाय बोथट सुरीनं सरळ कर आणि मग बाहेरून अलगद काढ. फाटलेल्या जागी मागच्या बाजूनं जपानी टिश्यू कागदाची पट्टी लाव. तो पुण्या-मुंबईत चित्रसाहित्याच्या दुकानात मिळतो. पतंगाचा कागद वापरू नकोस, त्याचा रंग ओलाव्यात सुटतो. चिकटवायला खळ कर, आणि ती गव्हाच्या चिकाची कर. कुरडईसाठी गहू भिजवून, वाटून आपण चीक काढतो ना, तोच. मीठ, हिंग काही घालू नकोस. वरचं पाणी दोन-तीनदा बदल, खाली बसलेला पांढरा साका तेवढा घे, पाण्यात मंद शिजव, गाळून गार कर. पातळ हवी. बांधणीवाले किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. पुठ्ठ्याला ते चालून गेलं, पण चित्राच्या पानाला मोरचूद लावू नकोस. त्यातलं तांबं कागद लवकर जाळतं. पट्टी लावली की वर-खाली टीपकागद ठेव आणि रात्रभर वजनाखाली राहू दे.

गुळगुळीत, चकचकीत आर्ट पेपरची मुखपृष्ठं ओल लागून एकमेकांना चिकटली असतील, तर ती जोर लावून सोडवू नकोस. चकाकीचा थर आणि त्यावरचं चित्र दोन्ही सुटून येतात. तशीच ठेव आणि कागदाच्या जतनाचं काम करणाऱ्या माणसाला दाखव. धूळ कोरड्या मऊ ब्रशनं झाड. ओलं फडकं नको.

ठेवायचं कुठं, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. जुन्या माळवदाच्या घरात माती गळायची आणि वाळवी यायची. १९९३ च्या भूकंपानंतर पुष्कळांनी माळवदं सोडली आणि पत्र्याखाली राहायला गेले, सोबत ट्रंकाही गेल्या. पत्र्याखाली लोखंडी ट्रंक म्हणजे उन्हाळ्यात भट्टीच. आपल्याकडचा उन्हाळा कागद इतका सुकवतो की पान दुमडलं की मोडतं. म्हणून घरातली सगळ्यात थंड, मधली खोली निवड. भिंतीला टेकवू नकोस, जमिनीवर ठेवू नकोस, आडवी ठेव, आणि फार उंच थप्पी करू नकोस. रबर बँड वितळून चिकटतात, सुतळी कड कापते. बांधायचंच तर सुती नाडीनं सैल बांध. कसर लागू नये म्हणून वेखंड किंवा वाळलेला कडुलिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडीत घालून पेटीच्या कोपऱ्यात ठेव. पानांत पाला घालू नकोस, डाग पडतो. पॉलिथिनच्या पिशवीत गच्च बांधून ठेवणं तर अजिबात नको. पावसाळ्यात आत ओल कोंडली की बुरशी धरते. दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाली की, एकदा सगळी पेटी उघडून सावलीत वारा दे.

फोटो काढ, पण उन्हात नको आणि फ्लॅश नको. ओसरीच्या सावलीत, सकाळी. मोबाइल पुस्तकाला समांतर धर आणि शेजारी कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेव, म्हणजे पुढं कधीही रंग तपासता येईल. स्कॅनर असेल तर ६०० डीपीआयच्या खाली जाऊ नकोस, नाहीतर छपाईचे ठिपके आणि स्कॅनरच्या रेघा मिळून चित्रावर जाळीची खोटी नक्षी उमटते. मुखपृष्ठ, कणा, मलपृष्ठ आणि छपाईचा तपशील असलेलं पान, चारही एकत्र. मलपृष्ठ वगळू नकोस. तिथं प्रकाशकाच्या पुढच्या पुस्तकांची यादी असते आणि आज कुठंच न मिळणारी नावं त्या यादीत सापडतात.

ही चित्रं टी-शर्टवर, मगवर छापून विकूया, असं कुणी मित्रमैत्रीण म्हणेल. तेव्हा एवढं सांग, आपल्या कायद्यात चित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. दलाल १९७१ ला गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत. मुळगावकर १९७६ ला, म्हणजे २०३६ संपेपर्यंत. हक्क वारसांकडे आहे की प्रकाशकाकडे, हे प्रत्येक चित्राला वेगळं असू शकतं. जपण्यासाठी, अभ्यासासाठी टिपून ठेव. विकायचं असेल तर आधी परवानगी.

भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची पुस्तकं ट्रंकेत असतील तर जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेव. औरंगाबादच्या 'साकेत'नं ती पुन्हा काढली आहेत. गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांच्या बाबतीतही तेच कर. एकाच कादंबरीचं भय एका पिढीनं कसं रंगवलं आणि दुसरीनं कसं, हे दोन मुखपृष्ठं शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी प्रत रद्दीत घालणारी घरं मी पाहतो, तेव्हा वाईट वाटतं. मजकूर पुन्हा छापता येतो. ब्लॉक मोडीत गेले, मूळ चित्रं बहुतेक हरवली, आणि चित्र उरलं ते फक्त या सुटलेल्या पानावर.

तेव्हा आता एक काम माझ्यासाठी कर. दिवाळीच्या आवराआवरीत मुरुडात, लातुरात, बार्शीत आपल्या सगळ्या नात्यागोत्याला फोन लाव. माळ्यावरचा गठ्ठा काट्यावर चढवण्याआधी एकदा उघडून बघा म्हणावं. सुटलेलं, फाटलेलं, अर्धं उरलेलं मुखपृष्ठ असेल तरी फेकू नका, आमच्याकडं पाठवा, असं सांग.